नेव्ह म्हणजे नाव: चर्चच्या मधल्या दालनाला जहाजाचं नाव कसं मिळालं

वास्तुकलेच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "वसई किल्ल्यातल्या चर्चच्या अवशेषांवर टिपण लिहिते आहे. इंग्रजी वर्णनांत सारखा 'नेव्ह' हा शब्द येतो. शब्दकोशात दोन अर्थ मिळाले, चर्चचा मधला भाग आणि चाकाचा तुंबा. मूळ अर्थ कुठला? लॅटिनमध्ये याचा अर्थ जहाज असा आहे म्हणतात. छत उलट्या होडीसारखं दिसतं म्हणून का? कार्ल्याच्या लेण्यालाही हाच शब्द लावतात, ते बरोबर आहे का? आणि मराठीत काय लिहू?"

प्रश्न छान आहे, आणि पाच प्रश्न एकात आहेत. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत, त्यातही वसई आणि गोव्याकडच्या चर्चच्या, माझी पंचवीसहून जास्त वर्षं गेली. हा शब्द रोज तोंडात असतो. तरी त्याच्या मुळाशी जायची गरज मला पहिल्यांदा पडली ती एका चुकीमुळे. ती चूक पुढे सांगते. आधी अर्थ.

चर्चच्या मुख्य दारातून आत शिरलात की समोर वेदीपर्यंत जो लांब, उंच, सरळ भाग जातो, जिथे लोक बसतात, उभे राहतात, गुडघे टेकतात, तो नेव्ह. वेदीचा भाग त्यात येत नाही. दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा असतील तर त्या खांबांपलीकडच्या चिंचोळ्या ओळीही त्यात येत नाहीत, त्यांना आयल म्हणतात. वाड्याच्या भाषेत सांगायचं तर नेव्ह म्हणजे मधले खण आणि आयल म्हणजे त्यांना चिकटलेली पडवी. युरोपातली जुनी चर्च बाहेरून पाहिलीत तर ही तुलना आणखी पटेल: मधलं छप्पर उंच, आणि दोन्ही अंगांना पडवीसारखी एकपाखी, खालची छपरं. मधल्या उंच भिंतीत वरच्या बाजूला खिडक्या, म्हणजे उजेड थेट लोकांच्या डोक्यावर पडतो.

आता मूळ. लॅटिनमध्ये जहाजाला 'नाविस' म्हणतात. हे प्रथमेचं रूप. द्वितीयेचं रूप 'नावेम'. संस्कृतात 'नौ' शब्द चालवून पाहा, द्वितीया एकवचन काय येतं? 'नावम्'. नावेम, नावम्. मी हे पहिल्यांदा कागदावर एकाखाली एक लिहिलं तेव्हा बराच वेळ नुसती बघत बसले होते. ही उसनवारी नाही. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच जुन्या भाषेतून फुटल्या, त्या भाषेतला होडीचा शब्द तिघींनी आपापल्या घरी नेला. ग्रीकमध्ये तो 'नाउस', लॅटिनमध्ये 'नाविस', संस्कृतात 'नौ', आणि आपल्या कोळीवाड्यात आजही 'नाव'. तेव्हा 'नेव्ह'चा मराठी अर्थ कुणी विचारला, तर व्युत्पत्तीच्या हिशेबाने उत्तर एका शब्दात देता येतं: नाव. (पाण्यावरची नाव. माणसाचं नाव वेगळं, ते 'नाम'वरून आलं, आणि त्याचाही लॅटिन चुलतभाऊ आहे, 'नोमेन'.)

मग चाकाच्या तुंब्याचं काय? तिथे इंग्रजीची गंमत झाली आहे. तो 'नेव्ह' वेगळाच शब्द आहे, अक्षरं तेवढी सारखी. बैलगाडीच्या चाकाचे आरे ज्या लाकडी गड्ड्यात ठोकलेले असतात तो तुंबा. जुन्या इंग्रजीत त्याला 'नाफू' म्हणत, आणि त्याचं नातं आपल्या 'नाभी'शी आहे. संस्कृतातही रथाच्या चाकाच्या मध्याला नाभीच म्हणतात. म्हणजे इंग्रजी शब्दकोशात एकाखाली एक छापलेले हे दोन शब्द, एक नाव आणि दुसरा नाभी. 'चर्चचा मध्य म्हणून नेव्ह, चाकाचा मध्य म्हणूनही नेव्ह' असा खुलासा कुणी केला तर तो ऐकायला बरा वाटतो, पण चूक आहे. तुमच्या टिपणात फक्त जहाजाचा अर्थ ठेवा.

जहाजाचं नाव इमारतीला का दिलं, हा खरा गाभ्याचा प्रश्न. सर्वांत लोकप्रिय उत्तर तुम्ही दिलंच आहे: छत उलट्या होडीसारखं दिसतं म्हणून. हे उत्तर मला वाटाड्यांकडून, पुस्तकांतून, एकदा तर एका पाद्रीबाबांकडूनही ऐकायला मिळालं. तशी छतं आहेत, यात वाद नाही. व्हेनिसच्या सान्तो स्तेफानो चर्चचं लाकडी छत पाहिलंत तर जहाज बांधणाऱ्या सुतारांनीच ते केलं असावं असं वाटतं, आणि इटालियनमध्ये अशा छताला 'जहाजाचा तळ' असंच नाव आहे. पण काळाचा क्रम लावून बघा. पहिली मोठी चर्च चौथ्या-पाचव्या शतकातली. रोममधलं सान्ता साबिना इ.स. ४२२ ते ४३२ मधलं. त्यांची छपरं साध्या लाकडी कैच्यांवर, म्हणजे त्रिकोणी सांगाड्यांवर, दोन पाखी, खालून सपाट किंवा उघडी. होडीचा आकार त्यात कुठेच दिसत नाही. दगडी कमानदार छतं सर्रास दिसायला लागली ती अकराव्या-बाराव्या शतकात. आणि जहाजाची उपमा तर छताच्या कितीतरी आधीपासून लेखी सापडते.

ती सापडते माणसांसाठी. कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तेर्तुलियन इ.स. २०० च्या सुमारास लिहितो की येशूचे शिष्य ज्या होडीत बसले होते आणि जी वादळात सापडली, ती होडी म्हणजे श्रद्धावानांचा समुदाय, आणि समुद्र म्हणजे हे जग. त्या वेळी ख्रिस्ती लोक बहुतेक घरांतूनच जमत होते. इमारतीचा अजून पत्ता नव्हता, पण नाव आधीच होती. त्यामागे बायबलमधली नोहाच्या तारवाची, म्हणजे महापुरातून तारणाऱ्या जहाजाची, कथा होती, येशूचा शिष्य पेत्र स्वतः मासेमारी करणारा होता, आणि भूमध्य समुद्राच्या काठावरच्या लोकांना सगळ्यांत परिचयाची जोखीम समुद्राचीच होती.

इमारतीशी ही उपमा थेट जोडणारा मजकूर येतो इ.स. ३८० च्या सुमारास सीरियात संकलित झालेल्या 'ॲपोस्टोलिक कॉन्स्टिट्यूशन्स' या नियमग्रंथात. तो बिशपला सांगतो: सभा बोलावशील तेव्हा स्वतःला मोठ्या जहाजाचा कप्तान समज. डीकन, म्हणजे बिशपच्या हाताखालचे सेवक, हे खलाशी, त्यांनी लोकांना उतारूंप्रमाणे जागा नेमून द्याव्यात. इमारत लांब असावी, तिचं डोकं पूर्वेला असावं, पूर्वेच्या टोकाला दोन्ही बाजूंना खोल्या असाव्यात, म्हणजे ती जहाजासारखी होईल. मध्ये बिशपचं आसन, दोन्ही हातांना वडीलधारे धर्मगुरू. आणि डीकनांनी अंगाबरोबर आवळलेले, आटोपशीर कपडे घालून जवळ उभं राहावं, कारण ते जहाजावरच्या खलाशांसारखे आहेत.

हे शेवटचं वाक्य मला फार आवडतं. ज्याने हे लिहिलं त्याने खलाशी जवळून पाहिले होते. सैल कपडा दोरात अडकतो हे त्याला ठाऊक होतं. आपल्या बंदरावर आजही तांडेलाच्या हाताखालची पोरं लुंगी वर खोचूनच दोराला हात घालतात.

आणि नीट पाहा, त्या सगळ्या मजकुरात छताबद्दल एक अक्षर नाही. उपमा आहे ती लांबीची, रचनेची आणि कुणी कुठे उभं राहायचं याची. म्हणून माझं स्पष्ट मत असं की 'नेव्ह' हा शब्द छताकडे बघून आलेला नाही, जमिनीकडे बघून आलेला आहे. आत जमलेल्या माणसांवरून दालनाला जहाजाचं नाव मिळालं. उलट्या होडीची आठवण नंतर आली, आणि ती इतकी चपखल बसली की मूळ कारण तेच आहे असं लोकांना वाटायला लागलं. नंतरच्या लोकांनी ही आठवण जपलीही प्रेमाने. डेन्मार्कच्या किनारपट्टीवरच्या चर्चमध्ये नेव्हच्या छताला जहाजाची लहान प्रतिकृती टांगलेली असते, बहुधा दर्यावर्दी लोकांनी नवसाने किंवा कृतज्ञतेने दिलेली. आपल्याकडे नवस फेडायला देवळात घंटा बांधतात, तसंच ते.

आणखी एक मत आहे, ते टाकाऊ नाही. ग्रीकमध्ये देवळाला 'नाओस' म्हणतात आणि जहाजाला 'नाउस'. अथेन्सच्या बोलीत तर गंमत अशी की 'नेओस' या एकाच रूपाचा अर्थ 'देऊळ' असाही होतो आणि 'जहाजाचं' असाही. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये मधल्या दालनाला आजही नाओसच म्हणतात. त्यामुळे काही अभ्यासक म्हणतात की ग्रीक 'देऊळ' ऐकून लॅटिन लोकांनी 'जहाज' असं भाषांतर केलं असेल. मला ही शक्यता पुरती पटत नाही, कारण जहाजाची उपमा ग्रीक भाषिकांमध्येच रुजलेली होती, आणि जहाज आणि देऊळ यांतला फरक त्यांना नक्की कळत होता. पण दोन शब्दांच्या सारखेपणाने उपमेला बळ मिळालं असेल, इतकं मी मान्य करते.

मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'नाविस' हा शब्द इमारतीच्या भागासाठी रूढ झाला, आणि तिथून युरोपभर गेला. जर्मनांनी शब्द उसना न घेता अर्थच घेतला. त्यांच्याकडे नेव्ह म्हणजे सरळ 'शिफ', जहाज. मधलं ते मधलं जहाज, बाजूचं ते बाजूचं जहाज, आडवं ते आडवं जहाज. फ्रेंचमध्ये 'नेफ'. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ खरंखुरं जहाज होता. पाण्यावर तो शब्द मागे पडला, चर्चमध्ये टिकला. इंग्रजीत मात्र 'नेव्ह' उशिरा, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात आला. त्याआधी इंग्रज त्याला 'चर्चचं शरीर' म्हणत. आणि पोर्तुगीजमध्ये 'नाव्ह', जो उच्चार ऐकून आपल्याला तर भाषांतराची गरजच वाटत नाही.

पोर्तुगीजांपाशी थांबायला हवं, कारण वसईचा आणि गोव्याचा प्रश्न त्यांच्यामुळेच आहे. त्यांच्या भाषेत 'नाविस'ची दोन लेकरं शेजारी शेजारी नांदत होती. लिस्बनहून वसंतात निघून आफ्रिकेच्या टोकाच्या केपला वळसा घालून गोव्याला लागणारं अवजड जहाज म्हणजे 'नाउ', आणि त्या जहाजातून उतरलेला माणूस ज्या दालनात जाऊन गुडघे टेकायचा ते 'नाव्ह'. सहासात महिने नाउमध्ये काढून आलेल्या माणसाला नाव्हमध्ये उभं राहताना काय वाटत असेल याचा विचार मी वसईत पुष्कळदा केला आहे.

आता ती चूक. काही वर्षांपूर्वी एका जुन्या चर्चच्या दुरुस्तीचं अंदाजपत्रक माझ्याकडे तपासायला आलं. चर्च मी पाहिलेलं होतं, फार मोठं नव्हे. अंदाजपत्रकात मात्र आतल्या गिलाव्याचं क्षेत्रफळ जवळजवळ तिप्पट. वर लिहिलेलं, 'तीन सभागृहे'. मी दोनदा जाऊन मोजून आले. एकच दालन, दोन रांगा खांब. शेवटी मूळ वर्णन मागवलं. जुन्या पोर्तुगीज नोंदीत 'त्रेश नाव्हश' असं होतं, म्हणजे 'तीन नाव्हांचं चर्च'. कुणीतरी त्याचं इंग्रजी 'तीन नेव्ह' केलं, मग कुणीतरी त्याचं मराठी 'तीन सभागृहे' केलं, आणि हिशेब करणाऱ्याने एका सभागृहाचं माप घेऊन तिनाने गुणलं.

झालं असं की पोर्तुगीज, स्पॅनिश आणि इटालियन लोक बाजूच्या ओळींनाही नाव्हच म्हणतात. मधली नाव्ह एक, बाजूच्या दोन, मिळून तीन. इंग्रज त्याच इमारतीला 'एक नेव्ह आणि दोन आयल' म्हणतात. वसईवर लिहिताना तुमच्या हातात पोर्तुगीज नोंदींवरून केलेली इंग्रजी वर्णनंच जास्त येतील, तेव्हा 'तीन नेव्ह' वाचलंत तर खांबांच्या दोन रांगा असा अर्थ घ्या.

गोव्यात जुन्या गोव्याच्या चौकात उभं राहिलात तर हा फरक पाच मिनिटांत समजतो. बॉम जेझू बॅसिलिका, १५९४ मध्ये काम सुरू, १६०५ मध्ये अभिषेक. आत जा, मध्ये खांबांची रांग नाही, भिंतीपासून भिंतीपर्यंत एकच नाव. ते बांधणाऱ्या जेझुइट धर्मसंघाला हेच हवं होतं: प्रवचन सगळ्यांना ऐकू यावं, वेदी सगळ्यांना दिसावी, खांब आड येऊ नये. रस्ता ओलांडून से कॅथीड्रलमध्ये जा. १५६२ मध्ये सुरू झालेलं, मुख्य इमारत १६१९ मध्ये पुरी, अभिषेक १६४० मध्ये. इथे भरभक्कम खांब आहेत, मधली नाव आणि दोन बाजूच्या. पावलांचा आवाज वेगळा येतो, हवा वेगळी लागते. आणि एक गोष्ट तिथे पाहायची: से कॅथीड्रलचं दर्शनी तोंडच पूर्वेला आहे, म्हणजे वेदी पश्चिमेला. चौथ्या शतकातल्या त्या नियमग्रंथाला हे चाललं नसतं. चौकाकडे तोंड करण्याला तेव्हा जास्त महत्त्व होतं. ('से' हा शब्द लॅटिन 'सेदेस' म्हणजे आसन यावरून, आणि त्याचं नातं आपल्या 'सदन', 'सभासद' यांतल्या बसण्याच्या धातूशी.)

नेव्ह एकटा समजत नाही, शेजाऱ्यांसकट समजतो, म्हणून थोडं त्यांच्याबद्दल.

आयल हा लॅटिन 'आला', म्हणजे पंख. पक्ष्याला दोन पंख तशा नेव्हला दोन आयल. मराठीत उतरत्या छपराला पाखं म्हणतात तेही 'पक्ष'वरूनच, त्यामुळे आपल्या सुताराला ही कल्पना समजवावी लागत नाही. इंग्रजी स्पेलिंगमधला तो मुका 'एस' निव्वळ घोटाळ्याने शिरला. बेटाचा इंग्रजी शब्द तसाच ऐकू येतो, त्याचं अक्षर इकडे आलं.

आडवा भाग ट्रान्सेप्ट: 'ट्रान्स' म्हणजे पलीकडे, 'सेप्तुम' म्हणजे कुंपण. वेदीमागचा अर्धगोल तो ॲप्स, ग्रीक 'हाप्सिस', म्हणजे कमान किंवा चाकाचा घेर. तुम्ही चाकाचा तुंबा शोधत होतात, चाक सापडलं ते दालनाच्या दुसऱ्या टोकाला.

चान्सेलवर मात्र मी जरा जास्त बोलणार. नेव्ह जिथे संपतो आणि वेदीचा भाग सुरू होतो तिथे पूर्वी जाळीचं कुंपण असे. लॅटिनमध्ये जाळीच्या कठड्याला 'कान्सेल्ली' म्हणतात. त्या जाळीवरून तिच्यापलीकडच्या भागाचं नाव चान्सेल. न्यायसभेत अशाच कठड्यापाशी उभा राहणारा कारकून तो 'कान्सेल्लारियुस', आणि त्याचीच पायरी चढत चढत चान्सेलर झाला, म्हणजे आपल्या विद्यापीठाचे कुलपती. कागदावरचा मजकूर रद्द करायला त्यावर तिरक्या रेघांची जाळी ओढत, त्यावरून कॅन्सल. रेल्वेचं तिकीट कॅन्सल करताना आपण चर्चच्या कठड्याचं नाव घेत असतो. आता बहुतेक ठिकाणी हे कठडे उरले नाहीत. १९६२ ते १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या मोठ्या सभेनंतर, पुष्कळ चर्चमधून ते काढले गेले.

पण कठडा होता तेव्हा तो हिशेबाचाही कठडा होता. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये रिवाज असा की चान्सेलची डागडुजी चर्चच्या उत्पन्नाचा धनी असलेल्या रेक्टरने करायची, आणि नेव्हची गावकऱ्यांनी. नेव्ह गावाचा. तिथे गावच्या बैठका व्हायच्या, कधी व्यवहारही व्हायचे, आणि बाकंही नव्हती. बाकं सर्रास आली ती मध्ययुगाच्या अखेरीस. हा रिवाज इतका चिवट की अ‍ॅस्टन कँटलो नावाच्या गावात, जमिनीबरोबर आलेली ही जबाबदारी मालकावर लादता येते का, हा वाद थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि २००३ मध्ये निकाल जमीनमालकांच्या विरुद्ध लागला. चान्सेलच्या दुरुस्तीचा खर्च त्यांच्या माथी आला. दुरुस्तीचं काम करणारी म्हणून मला हा खटला नेहमी आठवतो. इमारतीच्या कुठल्या भागाला काय म्हणतात, यावर कोण पैसे देणार हे ठरू शकतं.

आता कार्ले. एकोणिसाव्या शतकात वास्तुकलेचा इतिहासकार जेम्स फर्ग्युसन याने कार्ल्याच्या चैत्यगृहाचं वर्णन करताना ते जुन्या ख्रिस्ती चर्चसारखं आहे असं म्हणून नेव्ह, आयल, ॲप्स हेच शब्द वापरले, आणि पुढे तेच रूढ झाले. मापं पाहा: दारापासून मागच्या भिंतीपर्यंत सुमारे १२५ फूट, रुंदी सुमारे ४५ फूट. मधलं दालन २५ फुटांच्या आसपास आणि दोन्ही बाजूंच्या ओळी खांबांची जाडी धरून जेमतेम १० फूट. खांब ३७: दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा नक्षीदार, आणि स्तूपामागे अर्धगोलात सात साधे.

नकाशात पाहिलं तर साम्य डोळ्यांत भरतं. पण तिथे बाजूच्या ओळी कशासाठी आहेत? प्रदक्षिणेसाठी. खांबांमागून जाऊन, स्तूपाला वळसा घालून, दुसऱ्या बाजूने परत यायचं, म्हणून ती ओळ मागे तुटत नाही. चर्चमधलं चालणं बहुतांशी समोरच्या वेदीकडे, चैत्यातलं स्तूपाभोवती. आणि कार्ल्याचं चैत्यगृह खोदलं गेलं तेव्हा नेव्ह असलेलं एकही चर्च जगात उभं नव्हतं. तेव्हा आकाराचं वर्णन म्हणून शब्द चालेल, पण चैत्यगृहाला चर्चची रचना 'मिळाली' असं चुकूनही सुचवू नका.

कार्ल्यात एकदा पहाटे गेले होते. उजेड त्या मोठ्या कमानीतून आत यायला लागला तेव्हा वर बघितलं. खडकाच्या छताखाली सागाच्या जुन्या फासळ्या ओळीने बसवलेल्या आहेत. भार काही त्यांच्यावर नाही, छत अखंड खडकाचं आहे. पण खाली उभं राहून पाहिलं की काठावर उपडी घातलेली मोठी नाव आतून जशी दिसेल, थेट तशीच. उलट्या होडीचं सगळ्यांत सुंदर छत मला दिसलं ते जिथे लॅटिन शब्दाचा काही संबंध नाही अशा ठिकाणी. छत दिसतं नावेसारखं, पण त्याला कुणी नाव म्हटलं नाही. रोममध्ये छत नावेसारखं नव्हतं, आणि म्हटलं नाव. वर जे म्हटलं त्याला मला तरी याहून चांगला पुरावा नको.

राहिला शेवटचा प्रश्न, मराठीत काय लिहायचं. 'मध्यवीथी', 'मध्यदालन' असे पर्याय वापरले जातात. 'वीथी' म्हटलं की चालण्याची वाट डोळ्यांसमोर येते, आणि नेव्ह तर थांबण्याची, बसण्याची जागा आहे, म्हणून तो मला पसंत नाही. 'सभामंडप' कामाच्या दृष्टीने जवळचा आहे, आणि वसईकडे जुनी मंडळी चर्चला देऊळच म्हणतात, तेव्हा तो तिथे परकाही वाटणार नाही. पण मंडप बहुधा चौरसाकडे झुकतो, नेव्हचा जीव लांबीत आहे. मी स्वतः पहिल्यांदा 'नेव्ह, म्हणजे मधलं लांब दालन' असं लिहिते आणि पुढे नुसतं 'नेव्ह'. आयलला 'बाजूची पडवी', दोन खांबांमधल्या अंतराला 'खण'. कामावर हेच शब्द चालतात आणि मिस्त्रीला ताबडतोब समजतात. तसा मिस्त्री तरी कुठला? पोर्तुगीज 'मेस्त्र', मूळ लॅटिन 'मागिस्तेर'. त्याच्या हातातलं घमेलं हे पोर्तुगीज 'गामेला', आणि गोदामाची चावी म्हणजे 'शाव्ह', मूळ लॅटिन 'क्लाविस'. आपल्या कामावर लॅटिन रोज उचललं जातं, त्यात नेव्ह हा एक शब्द जास्त झाला तर काही बिघडत नाही.

वसईला पुन्हा जाणार असाल तर फ्रान्सिस्कन चर्चमध्ये सकाळी लवकर जा. छप्पर केव्हाच गेलं आहे, भिंती उभ्या आहेत. दारातून आत जाताना जमिनीकडे बघत चला, पायाखाली कोरीव अक्षरांच्या थडग्याच्या शिळा लागतील. अशा शिळा दारापासून वेदीपर्यंत कुठे कुठे आहेत ते नकाशात मांडा, कारण वेदीच्या जितकं जवळ तितका मान मोठा असा तेव्हाचा हिशेब होता. मग भिंतीच्या वरच्या कडेला जिथे दगडात खोबणी दिसतील तिथे दुर्बीण लावा. एका ओळीत, सारख्या अंतरावर असतील तर छपराच्या तुळया तिथे टेकत होत्या असं धरून त्यांच्यामधलं अंतर काढा. किती खणांची नाव होती ते तुमचं तुम्हालाच मोजता येईल.